रावेर-यावलच्या केळीबागांचा लीफलेट (वेबपानावर नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरून केलेला नकाशा आहे. कोपऱ्यात सगळा खानदेश दाखवणारा, सोबत हलणारा छोटा नकाशा कसा लावू?

लीफलेटचं मिनिमॅप नावाचं प्लगइन लावा, हालचाल जुळवायचा कोड स्वतः लिहू नका. दोन नकाशे हाताने जोडले की एक हलल्यावर दुसरा हलतो, तो पुन्हा पहिल्याला हलवतो आणि कुणाचं कुणाला कळत नाही. प्लगइनमध्ये ही फेरी आधीच अडवलेली असते. दिसणाऱ्या भागाची चौकटही तेच काढतं.

पण सेटिंग जसंच्या तसं ठेवलं तर खानदेश दिसणार नाही. छोटा नकाशा मोठ्यापेक्षा ५ झूम मागे राहतो, आकार १५० बाय १५० पिक्सेल. म्हणजे रावेर १३ झूमवर असेल तर कोपऱ्यात ८ झूम, आपल्या अक्षांशावर जेमतेम ८५ किलोमीटर रुंदी. धुळे-नंदुरबार बाहेरच. त्यासाठी झूम ६ वर कायम करा (साधारण ३४० किलोमीटर) आणि मध्यबिंदू अमळनेरजवळ बांधून टाका. मग नकाशा जागचा हलत नाही, फक्त चौकट सरकते. ‘मी कुठे आहे’ हे कळायला तेच बरं.

एक मात्र सांभाळा: दोन्हीकडे एकच टाइल लेयर (नकाशाच्या चौकोनी चित्रतुकड्यांचा थर) देऊ नका, त्याच वेबपत्त्याचा (URL) दुसरा बनवा. नाहीतर टाइल्स भलतीकडेच उमटतात. लीफलेटऐवजी ओपनलेयर्स ही नकाशांची दुसरी लायब्ररी वापरत असाल तर छोट्या नकाशाचं कंट्रोल त्यात मुळातच आहे.