वाचकांचे प्रश्न : मार्मोसेटचे पाय का लटपटतात?

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाचे मार्मोसेट माकड आहे, वजन २९० ग्रॅम. केळी, द्राक्षे, दूध-पोळी खाते, सकाळी आमच्याबरोबर पोहे-शेवही. पंधरा दिवसांपासून उडी मारत नाही, मागचे पाय लटपटतात, उचलले की किंचाळते. खिडकीतून रोज ऊन मिळते. कॅल्शियमचे औषध दिले, फरक नाही.
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ही हाडे मऊ पडल्याची लक्षणे आहेत. उचलताना दुखते, म्हणून ते किंचाळते. मूळच्या ब्राझीलच्या या माकडांना ड जीवनसत्त्व भरपूर लागते, तेही ड-३. ड-२ त्यांच्या फारसे अंगी लागत नाही. ड-३ कमी पडले की पोटात गेलेले कॅल्शियम नीट शोषले जात नाही, म्हणून नुसत्या औषधाने गुण आला नाही. खिडकीतल्या उन्हाने ऊब मिळते खरी, पण ड-३ तयार करणारे किरण काच अडवते.

आजच पिंजऱ्यातल्या वरच्या फांद्या काढा, उरलेल्या वीतभर उंचीवर बांधा, तळाशी जाड चादर घाला. अशी हाडे छोट्या पडण्यानेही मोडतात. हाताने धरू नका. मऊ कापड घातलेला डबा पुढे करा, ते आपणहून आत जाऊ दे. त्याच डब्यातून माकडांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या आणि एक्स-रे काढून घ्या. असा डॉक्टर जवळपास मिळाला नाही, तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

एक गोष्ट अजिबात करू नका. माणसांसाठी मिळणारी ६०,००० युनिटची ड-३ची पुडी थोडी-थोडी करून चाटवू नका. एवढ्याशा जिवाला चिमूटही जास्त होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच ठरवू द्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा; वजन सलग घसरले तर वाट पाहू नका.

पोहे, शेव, पोळी, दूध बंद करा. रानात हे माकड खालच्या दातांनी झाडाची साल कोरते आणि पाझरणारा डिंक चाटते; डिंकात कॅल्शियम असते. आपल्याकडे बाभळीचा डिंक मिळतो. तो तुपात तळू नका. कुटून कोमट पाण्यात मधासारखा दाट भिजवा आणि लाकडाला भोके पाडून त्यांत भरा. गोंद कतीरा वेगळा, तो चालणार नाही. जोडीला उकडलेले अंडे, विकतचे स्वच्छ किडे, पेरूची फोड. फळ चवीपुरतेच.

ऊन द्यायचे तर पिंजरा गच्चीत न्या, अर्धा भाग सावलीत ठेवा. मे महिन्यात आठ-नऊच्या दरम्यान, थंडीत दहानंतर. एकटे सोडून आत जाऊ नका, घारी असतात.

प्रश्न : आमचे एकटे मार्मोसेट दिवसभर शिट्टीसारखे ओरडते आणि धुतलेल्या पिंजऱ्यात लगेच घाण वास सोडते. घरात कोणाला सर्दी झाली तर चालते का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ते कळपाला साद घालते आहे. मार्मोसेट कुटुंबात राहतात, बहुधा जुळी होतात आणि बापही पिल्ले पाठीवर वागवतो. एकटेपणाची भरपाई माणसाला करता येत नाही, म्हणूनच ‘बोटावर बसणारे माकड’ घरी आणू नये, असे आम्ही दर वेळी सांगतो. वास ही त्याची सही आहे. सगळा पिंजरा एकदम धुतला की ते पुन्हा सही करत सुटते; दर वेळी एक फांदी न धुता ठेवा.

सर्दीत दूर राहा. ओठाच्या कडेला पाण्याचे फोड आले असतील, तर त्या माणसाने खोलीतही जाऊ नये. आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या, हे फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूने मार्मोसेट काही दिवसांत मरते. उष्टे तर कधीच देऊ नका.

प्रश्न : विदेशी प्राण्याला कायदा लागत नाही, असे विक्रेता म्हणतो. खरे आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे आणि मार्मोसेट कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी लागते. कागद न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.