ज्येष्ठ आई-बाबांसोबत पर्ल हार्बरचं ॲरिझोना स्मारक एका सकाळी नीट पाहता येईल का?

हो, येईल. मे महिन्यात कॅलिफोर्नियाहून हवाईला चार दिवस जाताय, पुण्याहून आलेले आई-बाबा सोबत आहेत, आईचे गुडघे दुखतात आणि बरोबर लहान मूल आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या हिशेबाने सांगतो. मूळ कार्यक्रम फार लांब नसतो: सुमारे २५ मिनिटांचा माहितीपट, मग नौदलाची बोट, बुडालेल्या ॲरिझोना युद्धनौकेवरच्या स्मारकावर साधारण १५ मिनिटं आणि परत. चालणं फार नाही आणि व्हीलचेअरही जाते. लोकांचा दिवस फसतो तो तिकिटामुळे, नाहीतर पिशव्यांमुळे.

आधी तिकीट. ते फुकट आहे, फक्त रिक्रिएशन डॉट जीओव्ही या सरकारी साइटवर आरक्षणाचा माणशी १ डॉलर लागतो आणि तो परत मिळत नाही. तिकिटं दोन हप्त्यांत सुटतात. पहिला हप्ता भेटीच्या तारखेच्या ८ आठवडे आधी, हवाईच्या वेळेनुसार दुपारी ३ वाजता. दुसरा आदल्या दिवशी, तेव्हाही दुपारी ३ वाजताच. मार्चच्या मध्यापासून तुमच्याकडे घड्याळं पुढे गेलेली असतात, म्हणजे कॅलिफोर्नियात तेव्हा संध्याकाळचे ६ वाजलेले असतील. ५ वाजता बसलात तर काहीच दिसणार नाही आणि ७ ला बसलात तर सकाळच्या वेळा गेलेल्या असतील. पुण्यात तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ, साडेसहा. बाबा तसेही उठलेलेच असतील, त्यांनाही कामाला लावा! साइटवर खातं आधीच उघडून ठेवा आणि तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचं तिकीट काढा. दोन्ही हप्ते हुकले तर त्या दिवशी सकाळी लवकर जाऊन रिकाम्या जागांच्या रांगेत उभं राहता येतं, पण ज्येष्ठांना घेऊन त्या भरवशावर जाऊ नका. बाहेर विकले जाणारे महागडे एकत्रित पास घेताना त्यात ॲरिझोनाची बोट आहे का, ते नीट वाचा. नसण्याचीच शक्यता जास्त.

वेळ सकाळी ८ ते ९ मधलीच घ्या. दिवस चढतो तसा वारा वाढतो, आणि वारा जोराचा असला की बोट स्मारकाच्या धक्क्याला सुरक्षित लागत नाही, म्हणून फेऱ्या रद्द होतात. वाईकीकीहून गाडीने एरवी अर्धा-पाऊण तास लागतो. सकाळची मोठी गर्दी होनोलुलूच्या दिशेने असते, तुम्ही उलट्या दिशेने जाणार. तरी वेळेच्या तासभर आधी पोहोचा, कारण पार्किंगला (तेही सशुल्क आहे) आणि सुरक्षा तपासणीला वेळ जातो. शहर बसने एक तासाहून जास्त लागतो. आईंसाठी टॅक्सी बरी.

पिशव्यांचा नियम फार कडक आहे. पर्स, कमरेची पाऊच, सॅक, कॅमेऱ्याची बॅग, बाळाच्या डायपरची बॅग, काहीही आत नेता येत नाही. पाकीट, फोन, कॅमेरा आणि पाण्याची बाटली हातात चालते. औषधांची पट्टी खिशात ठेवा. बाहेर पैसे देऊन सामान ठेवायची सोय आहे, पण तिथेही रांग असते, तेव्हा पिशव्या हॉटेलवरच राहू द्यात. गाडीत दिसतील अशा ठेवू नका, पर्यटकांच्या गाड्या फोडल्या जातात.

माहितीपट इंग्रजीत आहे. आई-बाबांना आदल्या रात्री एवढं सांगून ठेवा: ७ डिसेंबर १९४१, रविवारची सकाळ, पर्ल हार्बरच्या अमेरिकन नौदल तळावर जपानी विमानांचा हल्ला. ॲरिझोनाच्या पुढच्या भागातला दारूगोळा पेटला आणि काही मिनिटांत जहाज बुडालं. तिच्यावरचे १,१७७ जण गेले, त्यातले ९०० हून जास्त अजून त्या सांगाड्यातच आहेत. हे माहीत असलं की आत संगमरवरी भिंतीवरची नावं वाचायला वेळ पुरतो.

स्मारक १८४ फूट लांब, पांढरं, मधे वाकलेलं आणि दोन्ही टोकांना उचललेलं आहे. ते बुडालेल्या जहाजावर आडवं उभं आहे, पण त्याला टेकलेलं नाही. वास्तुरचनाकार आल्फ्रेड प्राइस मूळचा ऑस्ट्रियाचा. हल्ल्यानंतर याच अमेरिकेने त्याला शत्रुदेशाचा माणूस म्हणून नजरकैदेच्या छावणीत ठेवलं होतं. बांधकामाचा निधी कमी पडत होता तेव्हा एल्व्हिस प्रेस्लीने १९६१ मध्ये कार्यक्रम करून ५० हजार डॉलरहून जास्त जमवले, आणि १९६२ मध्ये स्मारक खुलं झालं. मधल्या भागात जमिनीत जी मोकळी जागा ठेवलीय तिथून खाली जहाज दिसतं. टाक्यांतून अजून थेंब थेंब तेल वर येतं, त्याचे रंगीत तवंग शोधा. सकाळी पाणी शांत असताना ते स्पष्ट दिसतात. आपल्याकडे पाणी दिसलं की फूल किंवा नाणं सोडायचा हात आपसूक पुढे होतो. इथे ते चालत नाही. हाराचा दोरा समुद्री जिवांच्या पोटात जातो, आणि मुळात ही दफनभूमी आहे. आवाज हळू, पोहण्याचे कपडे नकोत.

परत आल्यावर किनाऱ्यावरची दोन्ही संग्रहालयं फुकट आहेत आणि चांगली आहेत, तिथे तासभर द्या. शेजारच्या बोफिन पाणबुडीत आईंना नेऊ नका: दारं अरुंद, पायऱ्या उभ्या, आणि चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडतही नाहीत. त्याऐवजी मिसुरी युद्धनौका बघा, तिच्याच डेकवर २ सप्टेंबर १९४५ ला जपानने शरणागतीवर सही केली. ती फोर्ड बेटावर लष्करी हद्दीत आहे, म्हणून टॅक्सीने थेट जाता येत नाही. पर्ल हार्बरच्या अभ्यागत केंद्राबाहेरून सुटणारी त्यांची बस घ्यावी लागते. तिकीट वेगळं, वेळ दोन तास. आईंनी वरचा डेक बघावा, खालच्या शिड्या बाबांसाठी सोडाव्यात. दोन्ही करून दुपारी एकपर्यंत मोकळे व्हाल. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारीला सगळं बंद असतं, तुम्हाला मे महिन्यात त्याची काळजी नाही.