अंतराळातली मोहीम: कुठला खेळ घ्यावा?

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र रंगवत खेळायचा रोलप्लेइंग खेळ तू चालवणार असशील, तर नियमपुस्तक घेण्याआधी तुझ्या खेळणाऱ्या मंडळींना विचार, अंतराळात जाऊन करायचंय काय? व्यापार, दरोडे की नुसती मारामारी? त्यावरच सगळं ठरतं.

व्यापार म्हणाले तर डोळे मिटून ट्रॅव्हलर. १९७७ चा खेळ, पण अजून दम आहे. दोन फासे टाकायचे, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा, बेरीज ८ किंवा जास्त झाली की जमलं. पात्र घडवतानाच चार-चार वर्षांच्या नोकऱ्या होतात, वय वाढतं. मूळ आवृत्तीत तर गडी खेळ सुरू व्हायच्या आधीच मरू शकायचा! यान मिळतं तेही कर्जावर. दरमहा किमतीचा १/२४० भाग, तब्बल ४० वर्षं. हप्ता थकला की पोरं आपणहून नको त्या कामाला हो म्हणतात, तुला वेगळं कथानक रचायची गरजच नाही. हिशेबाचा कंटाळा असेल तर मात्र हा नको.

दरोडे म्हणाले, आणि शनिवारी रात्री दोन-तीन तास खेळून इंदूरच्या सराफा बाजारात खायला पळायचं असेल, तर स्कम अँड व्हिलनी बघ. सहा बाजूंचे फासे, त्यातला मोठा आकडा धरायचा. ४ किंवा ५ आला तर काम होतं, पण काहीतरी अंगाशी येतं. तीच खरी गंमत.

नुसती मारामारी हवी तर स्टारफाइंडर आहे, पण त्यात नियम फार, सुरुवातीला राहू दे.

स्टार्स विदाउट नंबरची मोफत आवृत्ती मात्र उतरवून घेच. त्यातले ग्रह रचायचे तक्ते कुठल्याही खेळात चालतात.