काल्पनिक जगातला बाजार मांडताना

गोष्टीसाठी रचलेल्या जगाचा नकाशा झकास जमलाय तुझा. सोबत पाठवलेला तिथल्या सतरा नाण्यांचा तक्ता मात्र फाडून टाक. सतरा नाणी कुणाच्या लक्षात राहतात? माझ्या पहिल्या गोष्टीत मलाच राहिली नव्हती. दोन पुरेत: एक रोजच्या चुलीचं, एक मोठ्या व्यवहाराचं. शिवकाळात तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन होताच की. आणि नाणं गोलच कशाला? 17 व्या शतकात आपल्या किनाऱ्यावर लारी चालायची, म्हणजे मधोमध दुमडून ठसा मारलेली चांदीची तार!

नवख्यांची दुसरी चूक: मासळीपासून महालापर्यंत सगळं सोन्यात. एकदा संध्याकाळी कोकणातल्या हर्णै बंदरावर जाऊन ये. मासळीचा लिलाव बघ, मग वाटे लावून बसलेल्या मावशींकडे बघ. घासाघीस वाढली की भाव तसाच ठेवून वर एक बांगडा टाकतात. असा एखादा रिवाज तुझ्या जगात हवा.

आणि हो, पावसाळा. होड्या शाकारल्या, म्हणजे किनाऱ्यावर झाकून ठेवल्या, की कोळ्याचं घर उधारीवर चालतं. तुझ्याकडे समुद्र कधी बंद असतो, तोवर उधार कोण देतं, एवढं ठरव. टांकसाळी, हुंड्या (पैसे देण्याच्या चिठ्ठ्या), व्याजाचे दर नंतर बघू. बाजाराचा एक प्रसंग लिहून पाठव आधी.