आपल्या कासव संवर्धन संस्थेतून निवृत्त होणाऱ्या काकांच्या निरोप समारंभाची जबाबदारी तुझ्यावर आलीय ना?

हॉल, केक वगैरे होईल गं, त्यात डोकं घालू नकोस. आणि फ्लेक्स तेवढा छापू नकोस, आपण पर्यावरणवाले आहोत, लोक हसतील!

आधी हिशेब बघ. आपल्याकडे दहापेक्षा जास्त माणसं आहेत, त्यामुळे ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी रक्कम, लागू होते: दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. शाल-श्रीफळाच्या गडबडीत संस्था हे हमखास विसरतात. अकाउंट्सच्या मागे आत्ताच लाग, चेक त्याच दिवशी हातात पडला पाहिजे.

दुसरं, त्यांना एकदा पहाटे किनाऱ्यावर घेऊन जा. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित ठेवायच्या कुंपणात, हलवताना खड्डा मूळ घरट्याएवढाच, साधारण दीड फूट खोल आणि तळाशी रुंद घ्यायचा, अंडी उलटीपालटी होऊ द्यायची नाहीत, हे रजिस्टरमध्ये आहेच. पण भरतीचं पाणी कुठवर चढतं, कुठल्या वाडीतून कुत्री येतात, गावबैठकीत आधी कोणाशी बोलायचं, हे फक्त त्यांच्या डोक्यात आहे. फोनवर रेकॉर्ड करून घे. मुलाखत म्हणालीस तर ते गप्प बसतील; चालता चालता विचार.

भाषणं तीनच ठेव, त्यातलं एक गावातल्या कासवमित्राचं. अध्यक्षांना शेवटी बोलू दे, नाहीतर जेवण गार होतं. काकांना बोलायचा आग्रह करू नकोस. काकूंना मात्र स्वतः फोन करून बोलाव. नोव्हेंबर ते मार्च, कासवांच्या हंगामात, रात्री-अपरात्री दार त्यांनीच उघडलंय.