फाईलचं नाव बदलताना त्याच नावाची दुसरी फाईल असेल तर प्रोग्रॅमने काय करावं? आधी ‘फाईल आहे का’ एवढं तपासलं तर पुरतं का?

नाही पुरत. ज्याने कुणी ‘पुरतं’ म्हणून सांगितलंय, त्याने दोन प्रोसेस, म्हणजे दोन चालू प्रोग्रॅम, एकाच वेळी चालवून बघितलेल्या नाहीत.

मी एका जुन्या ग्रंथालयाच्या स्कॅनिंगच्या कामावर होतो. हात लावला की कडांचा भुगा होणाऱ्या पोथ्या. स्कॅनरमधून फाईल नुसत्या आकड्याच्या नावाने यायची आणि आमचा पायथॉनचा प्रोग्रॅम तिच्या नावात पोथीचा दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला) व पान क्रमांक लावायचा. सीनियरचा कोड असा: त्या नावाची फाईल आहे का बघ, नसेल तर ओएस डॉट रीनेम (नाव बदलणारं पायथॉनचं फंक्शन), असेल तर बाजूला ठेव. मी तेव्हाच म्हटलं होतं, की बघणं आणि बदलणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, मध्ये दुसरी प्रोसेस घुसेल. एसटीच्या खिडकीतून जागा रिकामी दिसली म्हणून ती आपली होत नाही, रुमाल पडावा लागतो. त्यावर उत्तर मिळालं, “लाखात एकदा होईल. आणि झालंच तर रीनेमच एरर देईल.” लॅपटॉपवर करूनही दाखवलं. आली एरर! पण लॅपटॉप विंडोजचा, सर्व्हर लिनक्सचा. विंडोजवर हे फंक्शन अडतं. लिनक्सवर तेच फंक्शन आधीची फाईल मुकाट्याने घालवतं आणि नवी तिच्या जागी बसवतं.

पुढे दोन पोथ्यांवर चुकून एकच दाखल क्रमांक पडला आणि दोघांच्या बॅच एकदमच सुरू झाल्या. लॉगमध्ये सगळं ‘यशस्वी’. पानं हाताने मोजली तेव्हा फाईली कमी भरल्या. कपाटात गेलेली पोथी पुन्हा काढावी लागली, आणि दुसऱ्यांदा उघडताना तिच्या पानांचे कोपरे गळून पडले. ते परत स्कॅन होत नाहीत. याला ‘लाखात एकदा’ म्हणणारा माणूस मला आजही पटत नाही.

करायचं काय, तर तपासणी आणि बदल हे काम कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, एकाच कॉलमध्ये सांगायचं. लिनक्समध्ये ३.१५ पासून, म्हणजे २०१४ पासून, त्यासाठी रीनेमअॅट२ हा कॉल आहे. त्याला रीनेम_नोरिप्लेस हा फ्लॅग दिला की नाव आधीच घेतलेलं असेल तर ईएक्झिस्ट (‘आधीच आहे’ ही एरर) मिळतो आणि कशालाही धक्का लागत नाही. पायथॉनमधून सोपं पडतं ते ओएस डॉट लिंक, जे त्याच फाईलला आणखी एक नाव देतं: नवं नाव आधीच असेल तर लिंक होतच नाही, झाली तर मग जुनं नाव काढायचं. एरर आली तर थांबा, माणसाला विचारा. आपणच शेपटाला ‘(२)’ लावून पुढे जाऊ नका. आमच्याकडे तसं केलं असतं तर दोन पोथ्यांची पानं एकमेकांत मिसळली असती.

हे सगळं जुनी फाईल वाचवायची असेल तेव्हाचं. सेटिंगची फाईल मुद्दाम बदलायची असेल तर उलट: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाईल लिहा, एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवून घ्या), मग वरून रीनेम करा. एफसिंक गाळलं म्हणून २००९च्या सुमारास ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाईल सिस्टिमवर मशीन अचानक बंद पडल्यावर शून्य बाइटच्या फाईली उरायच्या.

आणि हो, लिंकवाला उपाय फोल्डरला चालत नाही, एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरही नाही. पेनड्राइव्हवर न्यायचं असेल तर नावं आधी सर्व्हरच्या डिस्कवर लावून घ्या, मग कॉपी करा.