दारूवरचा कर लिटरवर लागतो की तिच्यातल्या अल्कोहोलवर? आणि ते मोजतात कसं?

तुम्ही विचारलंय की बाटलीवर 42.8 टक्के, 75 प्रूफ आणि 25 यू.पी. असं तिन्ही दिसतं, तर यातलं खरं कुठलं, कर कशावर लागतो आणि हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून घनता मोजायची काचेची नळी) आणून हे घरी तपासता येईल का. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत बरीच वर्षं केमिस्ट होतो. मळीपासून निघालेल्या स्पिरिटची तीव्रता मोजणं हेच रोजचं काम, म्हणून उत्तर देतोय.

तिन्ही आकडे खरे आहेत. प्रूफ ही इंग्रजांची जुनी मोजणी. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची, पेटली तर मद्य कसाला उतरलं. (आपल्याकडे दोन्हींना दारूच म्हणतात.) पुढे तिथल्या कायद्याने वजनावर व्याख्या केली: 51 अंश फॅरनहाइटला तेवढ्याच पाण्याच्या 12/13 वजन भरेल ते प्रूफ स्पिरिट. त्यात अल्कोहोल निघतं आकारमानाने सुमारे 57.1 टक्के. याला 100 धरलं की 42.8 टक्के म्हणजे 75 प्रूफ, आणि शंभराला 25 कमी म्हणून 25 यू.पी., म्हणजे अंडर प्रूफ. अमेरिकन बाटलीवरचं प्रूफ वेगळं, तिथे 80 प्रूफ म्हणजे सरळ 40 टक्के. ते इथे लावू नका.

आता कर. मद्य जीएसटीत नाही, त्यावरचं उत्पादन शुल्क राज्याचं. टाकीत जेवढं द्रव आहे ते बल्क लिटर, आणि तीव्रतेच्या हिशेबाने येतात ते प्रूफ लिटर. 750 मिलीच्या 12 बाटल्यांची पेटी 9 बल्क लिटरची, पण 75 प्रूफला तिचे 6.75 प्रूफ लिटर होतात. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देशी मद्याचा दर प्रूफ लिटरला 180 वरून 205 रुपये केला. म्हणजे 25 यू.पी.च्या 180 मिली बाटलीत 0.135 प्रूफ लिटर, शुल्क साधारण 27 रुपये 68 पैसे. विदेशी मद्यात उत्पादन खर्चाचाही हिशेब येतो, त्यात इथे शिरत नाही.

खरी मेख तापमानात आहे, आणि सोलापूरकराला ती लवकर कळते. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत किती फरक असतो ते तुम्हाला सांगायला नको. उन्हात स्पिरिट फुगतं आणि त्याची घनता कमी होते, मग हायड्रोमीटर जास्त खोल बुडतो. 20 अंश सेल्सिअसला आखलेला हायड्रोमीटर 40 अंशांच्या मद्यात सोडला, तर खऱ्या 42.8 टक्क्यांच्या जागी पन्नाशीच्या आसपास आकडा दिसतो. शिवाय 40 अंशांना मोजलेलं 10,000 लिटर कडक स्पिरिट 25 अंशांवर आलं की सुमारे 160 लिटर कमी भरतं. गळती नाही, चोरी नाही. पण माझ्याबरोबरच्या एका नव्या पोराने दुपारचा डिप, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून घेतलेलं माप, तापमान न लिहिताच वहीत चढवला आणि दुसऱ्या दिवशी तूट का आली याची उत्तरं आम्ही संध्याकाळपर्यंत देत होतो. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो: आधी थर्मामीटर, मग हायड्रोमीटर. तापमानाशिवाय लिहिलेल्या तीव्रतेला काही अर्थ नाही. त्यात सरकारचा तरी पैसा जातो, नाहीतर कारखान्याचा.

वाचायचं कसं तेही सांगतो. काचेचं उभं भांडं कोरडं हवं किंवा त्याच नमुन्याने विसळलेलं. हायड्रोमीटर दांड्याला धरून सोडायचा, हलकेच फिरवायचा, बुडबुडे झटकायचे. तो स्थिर झाला की डोळा द्रवाच्या पातळीला आणून खालची रेघ वाचायची, काचेला चिकटून वर चढलेली कड नाही. मग तक्त्यात तापमान आणि वाचन जुळवून खरा आकडा काढायचा.

घरी तपासण्याबद्दल: बाटलीतल्या रंगीत, गोड मद्यात हायड्रोमीटर बुडवून उपयोग नाही. साखर आणि कॅरॅमल द्रव जड करतात, त्यामुळे तीव्रता खरीपेक्षा कमी दिसते. प्रयोगशाळेत आम्ही आधी मोजून 200 मिली नमुना उकळून त्याची वाफ थंड करायचो, साखर मागे राहायची, आणि आलेल्या द्रवात पाणी घालून पुन्हा बरोबर 200 मिली करून मगच घनता काढायचो. ही सोय नसेल तर बाजारातला हायड्रोमीटर आणून लेबल खोटं आहे असा दावा करू नका. शंका आलीच तर बाटली न फोडता, बिलासकट राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार द्या.